हरिचंद्राचा जास्तीचा पाऊस

आमच्या हेंद्रेपाड्यात रेडिओवरच्या हवामानाला कुणी विचारत नसे. "हरिचंद्र काय म्हणतो?" एवढंच विचारत. त्याला 'वेधशाळा' हे नाव मी ठेवलं, आणि पाड्यातल्या पोरांपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांनी ते उचललं. नावं ठेवायचा मला कुणी पगार देत नाही, पण काम मी मन लावून करते.

हरिचंद्र भोईर म्हणजे उंच, वाळका, मानेत किंचित वाकलेला माणूस. सदऱ्याच्या कॉलरला मागून छत्री अडकवलेली. पावसाळ्याचं सोडा, ऐन थंडीतही ती तिथंच. मी एकदा विचारलं, "भाऊजी, ही छत्री अंघोळीला तरी काढता का?" तर म्हणाला, "वहिनी, पाऊस विचारून येत नाय." मी म्हटलं, "तो तुम्हाला विचारून येतो असं पाडा म्हणतो." त्यावर तो लाजला. खरंच लाजला! चाळिशीतला बाप्या, दारात भाताचं खळं, शेताच्या कडेला काळ्या दगडाची विहीर, विहिरीवर डिझेलचं इंजिन, बायको तुळशी रोज सकाळी भाजीची पाटी घेऊन अंबरनाथच्या बाजारात, घरात म्हातारी आई सखूआजी. इतकं सगळं असलेला माणूस पावसाच्या नावानं लाजायचा.

हे पाऊस मोजण्याचं खूळ त्याच्या डोक्यात घातलं भीमराव साळव्यांनी. भीमराव आमच्या समोरच्या चाळीतले, आनंदनगरच्या एका कंपनीत लॅबोरेटरीत कामाला. दोघांचा एकदा कट्ट्यावर वाद झाला, की पाऊस औंदा जास्त की गेल्या साली. वाद इतका पेटला की भीमरावांनी दुसऱ्या दिवशी कंपनीतून एक काचेची बरणी आणली. सरळ उभी, जाड काचेची, अंगावर लाल रेघा, काठाला टवका उडालेला म्हणून कंपनीनं टाकून दिलेली. "घे," म्हणाले, "आता भांडू नको, मोज."

हरिचंद्रानं ती बरणी खळ्याच्या मधोमध दगडात बसवली. रोज सकाळी रेघा मोजायच्या, पाणी ओतून टाकायचं, आणि दाराच्या मागं खडूनं आकडा लिहायचा. वर्षामागून वर्षं असं चाललं. दसऱ्याला सोनं वाटायला लोक आले की ते आधी सोनं देत आणि मग निकाल मागत. हरिचंद्र घसा साफ करून सांगायचा, "विहीर संक्रांतीपोत," नाहीतर "विहीर होळीपोत." म्हणजे पाणी तोवर पुरणार. त्या एका वाक्यावर पाड्यातली माणसं भाजी लावायची की नाही ते ठरवत. आणि वाक्य चुकत नसे, हे मला, त्याला चिडवण्यात सगळ्यात पुढं असणारीला, कबूल करावं लागतं.

तर ज्या सालाची ही गोष्ट, त्या साली दोन गोष्टी नव्या झाल्या. भीमरावांनी हरिचंद्राला आपल्याच कंपनीत चिकटवलं. सकाळची पाळी. सकाळी बरणी मोजायच्या वेळी हा आनंदनगरात. मग मोजणार कोण? तुळशी बाजारात. उरली सखूआजी. आजीला आकडे येत नव्हते, पण रेघा मोजता येत होत्या. एका रेघेला एक वालाचा दाणा वाडग्यात टाकायचा, संध्याकाळी हरिचंद्रानं येऊन दाणे मोजायचे आणि खडूनं लिहायचं. व्यवस्था झकास होती. मीच म्हटलं होतं, "वेधशाळेनं असिस्टंट नेमली."

दुसरी गोष्ट दसऱ्याची. हरिचंद्रानं त्या दिवशी सांगितलं, की बरणी बसवल्यापासून एवढा पाऊस कधी झाला नाही. "विहीर होळी वलांडनार. लिहून घ्या!"

मला तेव्हाच जरा चमत्कारिक वाटलं. कारण त्या पावसाळ्यात माझे कपडे वाळत नव्हते हे खरं, पण ओढ्याला पूर आल्याचं काही मला आठवत नव्हतं. पण मी कोण? माझ्याकडे बरणी थोडीच होती!

भीमराव तिथंच बसले होते. ते उठले आणि म्हणाले, "हरिचंद्र, मग सुनंदाचं लग्न मी इथंच करतो. तुझ्या विहिरीच्या पाण्यावर. जानेवारीत."

सुनंदा त्यांची थोरली. मुलगा उल्हासनगरचा. कोणीतरी म्हणालं, "अहो, जानेवारीत पौष!" भीमराव हसले. "आम्हाला पौष काय नि माघ काय! हॉल महाग, अंगणात मांडव स्वस्त. फक्त पाणी पाहिजे."

"पानी माझं," हरिचंद्र म्हणाला. "शब्द."

आता शब्द दिला तो कुणाला? ज्यानं नोकरी लावली त्याला. आणि दिला कशाच्या जोरावर? बरणीच्या. हे लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ इथून सुरू होतो.

दिवाळी गेली, आणि थंडी आली ती कोरडी ठणठणीत. आमच्याकडे हिवाळ्यात पाऊस नसतोच, पण एखादा ढग वाट चुकून येतो, चार थेंब टाकून जातो. निदान पहाटे दंव पडतं. वालाची शेतं त्या दंवावरच तर जगतात. त्या साली दंवसुद्धा नाही. वालाचा फुलोरा गळाला. आणि विहीर? मार्गशीर्षात विहिरीच्या त्या पायऱ्या दिसू लागल्या ज्या एरवी शिमग्याच्या तोंडावर दिसतात.

हरिचंद्र रोज संध्याकाळी विहिरीत वाकून बघायचा, मग दारामागं जाऊन खडूचे आकडे बघायचा, मग परत विहिरीत. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, एकदा दार उचलून विहिरीपाशीच न्या. हेलपाटे वाचतील."

"वहिनी, थट्टा नका करू," तो म्हणाला. "पाऊस जास्ती, पानी कमती. हे कसं काय?"

खरं सांगते, मलाही कळेना. मी म्हटलं, विहीर फुटली असेल. कोणी म्हणालं, नव्या इमारतींनी बोअर मारलेत, त्यांनी ओढलं. सखूआजी म्हणाली, "नजर लागली. दसऱ्याला इतका मोठ्यानं बोलायचा कशाला?" हरिचंद्रानं विहिरीत उतरून भिंती चाचपल्या. कुठं भेग नाही. शेजारच्या विहिरी बघितल्या, त्याही तशाच खाली. म्हणजे फक्त त्याच्याच विहिरीवर कुणाचा डोळा होता असंही नाही.

मग त्यानं ठरवलं, की दुसऱ्यांचे आकडे बघायचे.

पहिला आकडा आणला भीमरावांनी. त्यांच्या कंपनीच्या गच्चीवर पावसाचं माप होतं. त्यांनी साहेबाला विचारलं, आणि आकडा आला तो गेल्या सालापेक्षा कमी. बराच कमी.

कोडं सुटलं म्हणून खूश होण्याऐवजी हरिचंद्र तापला. "आनंदनगरला कमी पडला आसंल. हिकडं जास्ती पडला."

"अरे, मधे अंतर ते किती!" भीमराव म्हणाले.

"पाऊस काय बस हाय, सगळ्या स्टॉपवर थांबायला?"

भीमरावांनी आकड्याची चिठ्ठी घडी करून खिशात घातली. माणूस भला. पुढं मला कळलं, की त्यांनी कंपनीत साहेबाशी हरिचंद्राच्या बाजूनं वाद घातला होता. 'तुमचं माप चुकलं असेल साहेब, आमच्या हरिचंद्राचं चुकत नाही.' नोकरीत असं बोलायला छाती लागते.

दुसरा आकडा उल्हासनगरचा. कंपन्यांना शुक्रवारी सुट्टी. मला तिथल्या कॅम्पातल्या बाजारातून परकराचं कापड आणायचं होतं, म्हणून मीही निघाले. आता काही लोक म्हणतात, इंदूबाईला कापडापेक्षा हरिचंद्राची फजिती बघायची होती. लोक काय, काहीही म्हणतात. मी दोन्ही बघितलं.

उल्हासनगरात परसरामशेठचं दुकान होतं, प्लास्टिकच्या ताडपत्र्या आणि छत्र्यांचं. हरिचंद्र दरसाल तिथून शाकारणीचं प्लास्टिक न्यायचा. शेठ गादीवर मांडी घालून बसलेला. हरिचंद्रानं विचारलं, "शेठ, इस साल बारिश कितना हुआ?"

शेठनं त्याच्या गळ्यामागच्या छत्रीकडे बघितलं. "ये छत्री मेरे दुकान की नहीं है."

"वो छोडो. बारिश?"

"देख भाई, मैं बारिश नहीं नापता. माल नापता हूँ. जोर का पानी गिरता है तो ताडपत्री बिकती है. रिमझिम गिरता है तो छत्री." त्यानं मागच्या माळ्याकडे हात केला. तिथं निळ्या प्लास्टिकचे गठ्ठे छताला टेकले होते. "ताडपत्री सब पडी है. छत्री एक नहीं बची. रोज थोडा थोडा, रोज थोडा थोडा. मच्छर जैसा पाऊस!"

"मंजे कमी की जास्ती?" हरिचंद्रानं मला विचारलं.

मी म्हटलं, "छत्रीनं जास्ती, ताडपत्रीनं कमी."

तो रस्त्यातच उभा राहिला. मागून हातगाडीवाला ओरडला, "ओ चाचा, साइड!" तरी हलेना. मला हसू येत होतं आणि मलाही कळत नव्हतं, दोन्ही एकदमच. रोज पडला म्हणजे जास्तच ना? पण थोडा पडला म्हणजे कमीच ना? मी परकराचं कापड दोनदा मोजायला लावलं, तेसुद्धा दोनदा वेगळं भरलं. त्या दिवशी मापावरचाच माझा विश्वास उडाला.

तिसरा आकडा बारवी धरणाचा. माझं माहेर तिकडचं, धरणाच्या वरच्या अंगाला भाताची शेती. माझा भाऊ महिपती धरणावर रोजंदारीला. पुढच्या शुक्रवारी एसटीनं गेलो. भावानं चहा दिला आणि हरिचंद्राला बांधावर नेलं. पाण्याच्या वर लाल मातीचा रुंद पट्टा उघडा पडलेला, जणू धरणानं लुगडं वर खोचलंय.

"सांडवा वाहिलाच न्हाई औंदा," महिपती म्हणाला. "भरलंच न्हाई तर वाहील काय?"

"पन माझ्या बरणीत तर..." हरिचंद्र म्हणाला.

"तुमच्या बरणीचं तुम्हाला म्हाइत, हरिभाऊ. धरणाचं मी सांगितलं."

येताना एसटीत तो खिडकीला डोकं टेकून बसला होता. मी खूप चिडवलं, पण तो चिडेना, तेव्हा मला जरा वाईट वाटलं. चिडवण्याचा धर्म असा आहे, की समोरच्यानं चिडायला हवं. तो म्हणाला, "वहिनी, सगळे कमी बोलतान, मी एकटाच जास्ती. मंग येडा कोन?"

उत्तर इतकं सोपं होतं की तेच खरं असेल असं वाटेना.

लग्न तोंडावर आलं होतं. निम्म्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. भीमरावांची बायको द्रौपदी माझ्याकडे येऊन म्हणाली, "इंदूताई, विहिरीचं काही खरं दिसत नाही. हे हरिभाऊंना विचारत नाहीत. म्हणतात, शब्दाला डाग लागतो. मी काय करू? पाहुण्यांना बिसलेरी पाजू?" तेव्हा बिसलेरी म्हणजे श्रीमंतांची मस्करी वाटायची. मी हसले, ती हसली नाही.

आणि मग तो शुक्रवार. मी सखूआजीकडे विरजण मागायला गेले होते. हरिचंद्र खळ्यात उकिडवा बसलेला, बरणीत डोकं घालून. मला हाक मारली ती अशी, जणू साप दिसला.

"वहिनी, हिकडं या! हे बघा!"

मी बघितलं. बरणीत पाणी. दसऱ्यापासून आभाळात ढग नाही, आणि बरणीच्या बुडाला बोटभर पाणी! आणि तेही पिवळं.

"दंव आसंल?" तो म्हणाला.

"दंवाला हळद लागते का?" मी म्हटलं. कारण मला वास आला होता. हळदीचाच.

"आये!" त्यानं हाक मारली. सखूआजी सूप हातात घेऊन बाहेर आली. "बरनीत पानी कसलं?"

"माझं," आजी म्हणाली.

"तुझं मंजे?"

"मीच ठेवलंय. सुकलं की घालतंय घोटभर. दिवाळीला लक्ष्मीपूजेची हळद घातली व्हती जरा." आणि आजी आमच्याकडे अशी बघायला लागली, जणू आम्ही दोघं विहिरीवर पाणी शेंदायला दोरीशिवाय आलोय. "रितं माप दारात ठेवतान का कोन?"

हरिचंद्र परत बरणीत डोकं घालून बसला. म्हणून मी विचारलं, "आजी, पावसाळ्यात मोजून झालं की पाणी ओतायचात ना?"

"वतायची तर! तुळशीवृंदावनात."

"सगळं?"

"सगळं कसं वतीन? बुडाला बोटभर ठेवायची. ह्याचा बाप भात मोजताना पायली कधी झाडून रिती करायचा नाय. मूठभर आत ठेवायचा. पार रितं केलं माप, तर घरातलं सरतं."

हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्याकडेही तांदळाचा डबा कधी पार खरवडत नाहीत. पण पावसाच्या बरणीला कोणी हा नियम लावेल, हे हरिचंद्राच्या डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

हरिचंद्रानं हळूहळू विचारलं, "आये, मंग दुसऱ्या दिशी मोजताना ते बोटभर वजा करायचीस?"

"वजा कशाला? ते पन पावसाचंच व्हतं. मी काय नळाचं घातलं?"

हरिचंद्र जमिनीवरच बसला. मी मनातल्या मनात हिशेब मांडला. रोज बोटभर शिल्लक, रोज ती पुन्हा मोजलेली. जोराचा पाऊस चार दिवस पडून थांबला असता तर फरक चार बोटांचा. पण हा पडला मच्छरासारखा रोज, म्हणजे रोज एक बोट फुकटचं. शेठच्या सगळ्या छत्र्या का खपल्या आणि ताडपत्र्या का पडून राहिल्या, ते मला आता कुठं कळलं. मग वाटलं, आपल्याला कळलंय की नाही? म्हणून मी नंतर घरी ताकाचा पेला घेऊन करून बघितलं. तिसऱ्या पेल्याला माझा हिशेब चुकला आणि ताक संपलं.

"मंजे पाऊस जास्ती नवता," हरिचंद्र म्हणाला. "कमी व्हता. आनी मी भीमरावला..."

"आरं, जास्ती व्हता," आजी ठामपणे म्हणाली. "मी दाणे टाकलेत."

तो उठला आणि तडक समोरच्या चाळीकडे गेला. मी मागून गेले. विरजणाचं भांडं रिकामंच हातात होतं, ते कुणाला दिसू नये म्हणून पदराखाली धरलं.

भीमराव पत्रिकांवर उरलेली नावं लिहीत होते. हरिचंद्र दारात उभा राहिला. आत आला नाही.

"भीमराव, माझं माप खोटं निघालं."

भीमरावांनी पेन ठेवलं. "म्हणजे कंपनीचं बरोबर?"

"बरोबर."

"अरे देवा," भीमराव म्हणाले. "आणि मी साहेबाला म्हटलं, तुमचं माप तपासून घ्या! त्यानं बिचाऱ्यानं माणूस गच्चीवर चढवला होता."

द्रौपदी आतून म्हणाली, "साहेबाचं मरू द्या. लग्नाचं बोला."

हरिचंद्र म्हणाला, "पानी माझं बोल्लो, तर पानी माझंच." आणि तो परत गेला. दहा मिनिटांत आला तेव्हा त्याच्या हातात इंजिनाचा पट्टा होता. काळा, तेलकट, लांब. त्यानं तो भीमरावांच्या खुंटीला, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोपासून अदबीनं लांब, अडकवला. "लग्न होईपोत हा तुझ्याकडं. पट्टा नाय तर इंजिन नाय, इंजिन नाय तर वांगी-मिरचीला पानी नाय. मी मागितला तरी देऊ नको."

भीमराव म्हणाले, "अरे, तुझा मळा जाईल!"

"जाऊ दे."

हे तो बोलला, पण मळा तुळशीच्या पाटीत जायचा. ती संध्याकाळी बाजारातून आली, तेव्हा मी मुद्दाम खळ्यात रेंगाळले होते. मला वाटलं, आता होणार काहीतरी. तुळशीनं सगळं ऐकलं. एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा सासूकडे. "बोटभर ठेवायची अक्कल दोघांना हाय," ती म्हणाली, "पन माझ्या वांग्याला बोटभर पन नाय." आणि पाय धुवायला गेली. पाय धुतले ते वाटीभर पाण्यात. मला तिथून निघावंच लागलं.

वांगी पंधरवड्यात माना टाकून बसली. मिरची त्याही आधी. हरिचंद्र कामावरून आला की मळ्याकडे न बघता थेट विहिरीत बघायचा. पाणी खाली जाणं थांबलं होतं. एकदोनदा मी त्याला भीमरावांच्या दारात घुटमळताना बघितलं. भीमरावांनी विचारलं, "काय रे?" तर म्हणाला, "काय नाय, पट्टा हाय ना, बघत व्हतो."

लग्न झालं. सुनंदा पांढऱ्या साडीत अशी दिसत होती, की मला तिच्यात काढायला खोड सापडेना, आणि मी शोधली होती. वंदना झाली, पंगती उठल्या, वरण पातळ झालं नाही, हात धुवायला तोटा पडला नाही. उल्हासनगरचे पाहुणे तर पाणी असं वापरत होते जसं काही विहीर त्यांच्या आंदणात आलीय. हरिचंद्र मांडवाच्या खांबाशी उभा राहून प्रत्येक तांब्याकडे बघत होता. जेवलाच नाही. मी म्हटलं, "भाऊजी, जेवा. तांबे मी मोजते." तो हसला, बऱ्याच दिवसांनी.

शेवटी आचारी भांडी घासायला पाणी काढायला गेला, तर सखूआजी विहिरीच्या काठावर काठी घेऊन बसलेली.

"आता बस," ती म्हणाली.

"आजी, अजून आहे की खाली!"

"हाय म्हनूनच बस. बुडाला ऱ्हाऊ दे."

आचारी हरिचंद्राकडे बघायला लागला. हरिचंद्र माझ्याकडे. मी पदर तोंडाला लावला. पातेली राखेनं घासली गेली. दुसऱ्या दिवशी पाड्यातल्या तीन घरांनी त्या बुडाच्या पाण्यातून हंडा हंडा नेला, ही गोष्ट आजीनं पुढं वर्षभर सगळ्यांना ऐकवली.

भीमरावांनी पट्टा परत आणून दिला. मळ्यात आता इंजिन लावण्यासारखं काही नव्हतं. हरिचंद्रानं तो दारामागं, खडूच्या आकड्यांवरच टांगला. ते आकडे काही त्यानं पुसले नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात त्यानं आईला नीट बसवून सांगितलं, की मोजून झालं की बरणी पार पालथी करायची, कोरडी. आजी "बरं" म्हणाली. हरिचंद्र सुट्टीच्या दिवशी बघायचा, बरणी आरशासारखी लख्ख, रिकामी. खूश. पाऊस त्या साली रपारप पडला. ओढा दोनदा रस्त्यावर आला. महिपतीनं निरोप पाठवला की सांडवा वाहतोय. शेठकडे म्हणे ताडपत्री उरली नाही.

दसऱ्याला लोक जमले. हरिचंद्र दारामागून आला तो चेहरा पाडून. "औंदा कमी हाय," तो म्हणाला. "लई कमी. कसा ते कळत नाय."

समोर विहीर काठोकाठ भरलेली.

मी सखूआजीकडे बघितलं. ती आपट्याची पानं नीट लावत होती. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "आजी, काय केलंत?"

"गेल्या साली जास्ती मोजला ना मी," ती कुजबुजली. "हरी किती हिरमुसला. म्हनून औंदा रोज एकेक बोट कमी धरलं. फिटलं नं मंग?"

तिकडून हरिचंद्रानं हाक मारली, "वहिनी, तुमाला काय वाटतं? कमी की जास्ती?"

सगळा पाडा माझ्याकडे बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी गंभीरपणे काही विचारलं होतं, आणि मला हिशेब येत नव्हता.

"भाऊजी," मी म्हटलं, "विहिरीत बघा. आणि छत्री काढून ठेवा, वाकताना पडेल."

तो वाकला. छत्री पडलीच.